जुने भाडे, आजचा घरफाळा : कोल्हापूर महापालिकेपुढे घरमालकांची बाजू कशी मांडावी

कोल्हापुरात जुन्या भाडेकरूंच्या प्रश्नावर घरमालक एकत्र आले, की पहिले निवेदन आयुक्तांच्या नावाने जाते आणि त्याचा विषय असतो ‘जुन्या भाड्यात वाढ मिळणेबाबत’. त्याचे उत्तर ठरलेले आहे : सदर विषय महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. हे दोन ओळींचे पत्र येईपर्यंत सह्या करणारे निम्मे लोक गळालेले असतात. पत्रातले उत्तर मात्र बरोबर असते. भाडे किती घ्यायचे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ठरवतो. हा कायदा विधिमंडळाने केला आहे आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. कोणताही आयुक्त किंवा महापौर त्यातला स्वल्पविरामही हलवू शकत नाही.

पण त्या भाड्यातून घरफाळा (मालमत्ता कर) किती जाणार, पडायला आलेल्या वाड्याला कोणती नोटीस निघणार, पुनर्बांधणीचा नकाशा किती दिवस टेबलावर पडून राहणार आणि भाडेकरूने थकवलेली पाणीपट्टी कोणाच्या नावावर चढणार, हे सगळे महापालिकेतच ठरते. शुक्रवार पेठेत, महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत जुना वाडा सांभाळणाऱ्याचा जीव याच चार गोष्टींत मेटाकुटीला येतो. म्हणून महापालिकेकडे भाडेवाढ मागू नका. तिच्या हातात जे आहे तेच मागा, आणि ते योग्य महिन्यात मागा.

कोणते दुखणे कोणाकडे न्यायचे

आधी भाड्याचा कायदा थोडक्यात. प्रमाणभूत भाडे म्हणजे ढोबळमानाने १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते ते, अधिक ५ टक्के. न्यायालयाने आधीच प्रमाणभूत भाडे ठरवले असेल तर त्यावर ५ टक्के. कलम ११ नुसार मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ घेता येते. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी २००० साली ३०० रुपये असलेले भाडे २५ वर्षांनी ८०० रुपयांच्या घरात जाते. बाजारातल्या भाड्याशी याची तुलना करण्यात अर्थ नाही, पण निवेदनात हा हिशेब असलाच पाहिजे. मालकाने कायद्याने मिळणारी वाढ तरी घेतली होती का, हा समोरच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो.

कलम १२ त्याहून उपयोगाचे आहे आणि फार कमी मालकांनी ते वापरलेले असते. कायदा लागू झाल्यानंतर स्थानिक संस्थेने नवा कर बसवला किंवा असलेला कर वाढवला, तर तेवढी वाढ मालकाला भाड्यात मिळवता येते. मात्र वाढ झालेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. त्यासाठी भाडेकरूला लेखी कळवावे, जुन्या व नव्या बिलाची प्रत जोडावी आणि भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्राच्या प्रमाणात वाटणी दाखवावी. हे न करता ‘घरफाळा परवडत नाही’ म्हणणाऱ्या निवेदनाला महापालिकेत वजन येत नाही.

आता महापालिकेची बाजू. घरफाळा आकारला जातो तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली, आणि मिळकत भाड्याने दिलेली असेल तर तो प्रथम मालकाकडून वसूल करायचा असे कलम १३९ सांगते. पूर्वीच्या करयोग्य मूल्याच्या, म्हणजे वार्षिक भाड्यावरून कर ठरवण्याच्या पद्धतीत एक मोठा आधार होता. भाडे नियंत्रणाखालील जागेचे वार्षिक मूल्य प्रमाणभूत भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने देवान दौलतराय कपूर खटल्यात स्पष्ट केले होते. कोल्हापुरात आता आकारणी भांडवली मूल्यावर होते. भांडवली मूल्य रेडीरेकनरच्या, म्हणजे शासनाने जाहीर केलेल्या जागेच्या बाजारमूल्याच्या दराला बांधलेले, आणि रेडीरेकनर वाढतच जातो. म्हणजे उत्पन्न १९८७ च्या दराने आणि कर आजच्या दराने. घरमालकांची सगळ्यांत भक्कम बाजू हीच आहे आणि ती महापालिकेच्या अधिकारातल्या विषयावर आहे.

बिल हातात घेऊन एक गोष्ट आधी पाहा. वापराची नोंद ‘मालक’ आहे की ‘भाडेकरू’, आणि त्या नोंदीमुळे दर किंवा भारांक (वापरानुसार लागणारा गुणक) किती बदलला आहे? भाडेकरू-वापराला जादा आकारणी लागत असेल, तर मागणी नेमकी तिथे लावायची : ज्या जागेचे भाडे कायद्यानेच गोठले आहे तिला, बाजारभावाने लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेचा भारांक लावू नये. बिलातले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे आहेत, महापालिका ते फक्त गोळा करते. त्यांत सूट मागितली की पूर्ण निवेदनच अभ्यास नसलेले ठरते.

आधी आपले दप्तर

प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव, घरफाळ्याच्या रजिस्टरला चुलत्यांचे आणि भाडेपावतीवर वडिलांचे, अशी अवस्था जुन्या पेठांत घरोघरी आहे. या अवस्थेत निवेदनावर सही करणाऱ्याला ‘आपण कोण?’ एवढे विचारले की पुढचे बोलणे थांबते. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या, त्या फेरफाराची प्रत घेऊन घरफाळा विभागात नावबदलाचा अर्ज द्या. सि.स.नंबर (सिटी सर्व्हे नंबर) लिहिताना वॉर्डाचे अक्षर (ए, बी, सी, डी किंवा ई) कधीही गाळू नका.

नंतर थकबाकी. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची घरफाळ्याची थकबाकी शून्य हवी. अधिकारी बैठकीआधी ती यादी काढून ठेवतात, आणि ते चुकीचे नाही. रकमेवर वाद असेल तर वादाचा अर्ज दिलेला असावा, वादात नसलेली रक्कम भरलेली असावी.

भाडेकरू असताना रजिस्टरला मालक-वापर दाखवलेला असेल, तर ती नोंद आधी स्वतःहून दुरुस्त करा. अशा दोन मिळकती सर्वेक्षणात सापडल्या तर मागच्या काळाची आकारणी होतेच, शिवाय उरलेल्या सगळ्या सह्यांवर संशयाची सावली पडते. भाड्याची पावती देणे हे मालकावर बंधन आहे, म्हणून पावतीपुस्तक चालू ठेवा. भाडे नाकारण्याची चूक तर करूच नका. भाडेकरू मनिऑर्डर पाठवत राहतो, परत आलेल्या पावत्या जपून ठेवतो, आणि थकबाकीच्या कारणावर ताबा मागण्याचा रस्ता मालकाने आपल्याच हाताने बंद केलेला असतो.

ताळेबंदाचा तक्ता

भाषणापेक्षा एका कागदावरचा तक्ता जास्त काम करतो. निदान २५ ते ३० मिळकती गोळा करा आणि त्या चारही विभागीय कार्यालयांच्या हद्दींतून घ्या : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. एकाच पेठेतला तक्ता ‘स्थानिक प्रश्न’ म्हणून बाजूला पडतो.

प्रत्येक मिळकतीसाठी सि.स.नंबर, घरफाळ्याचा मिळकत क्रमांक, भाडेकरू कधीपासून, वापर राहण्याचा की धंद्याचा, चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आजचे मासिक भाडे, भाडेकरूच्या भागाचा घरफाळा आणि दुरुस्तीचा खर्च एवढे रकाने पुरेत. दुरुस्तीचा खर्च एका वर्षाचा लिहू नका. कौले उतरवून वासे बदलले त्या वर्षी आकडा फुगतो आणि समोरचा तेवढ्यावरच बोट ठेवतो. पाच वर्षांची बेरीज करून पाचाने भागा आणि बिले जोडा.

नमुना म्हणून एक काल्पनिक वाडा घ्या. वर दोन बिऱ्हाडे, प्रत्येकी ४०० रुपये. खाली रस्त्याकडेला एक दुकान, ९०० रुपये. महिन्याला १,७०० म्हणजे वर्षाला २०,४०० रुपये भाडे. समजा या तीन जागांच्या वाट्याचा घरफाळा १४,६०० आणि दुरुस्तीची पाच वर्षांची सरासरी ९,००० रुपये. खर्च २३,६००, म्हणजे मालकाच्या खिशातून वर्षाला ३,२०० रुपये जातात. असा हिशेब ३० मिळकतींचा मांडला, की ‘घरमालक म्हणजे श्रीमंत’ हा समज वाद न घालता बाजूला होतो. ज्या मिळकती नफ्यात आहेत त्याही तक्त्यात ठेवा. त्या गाळलेला तक्ता घरफाळा विभागातला लिपिक पाच मिनिटांत ओळखतो, कारण सगळे आकडे त्याच्याच रजिस्टरमध्ये असतात.

माहिती अधिकाराचे तीन अर्ज

आपल्या तक्त्याला महापालिकेच्याच आकड्यांची जोड लागते. अर्जाला १० रुपये शुल्क आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून तीन अर्ज वेगवेगळे करा.

पहिला अर्ज घरफाळा विभागाला : भाडेकरू-वापर अशी नोंद असलेल्या मिळकतींची विभागीय कार्यालयनिहाय संख्या, निवासी व अनिवासी वेगळी, आणि त्यांची मागील आर्थिक वर्षाची एकूण मागणी. दुसरा, त्याच विभागाला : मालक-वापर आणि भाडेकरू-वापर यांना लागणारे दर व भारांक, आणि ते ज्या ठरावाने ठरले त्या ठरावाची प्रत. तिसरा, इमारतींच्या नोटिसांचे काम पाहणाऱ्या विभागीय कार्यालयांना : गेल्या तीन वर्षांत महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींना दिलेल्या नोटिसांची संख्या, आणि त्यांपैकी भाडेकरू असलेल्या इमारती किती.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेले कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

निवेदन : एक विषय, दोन पाने

संघटना नोंदवलेली असली तर बरे. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात सदस्य पुरतात, आणि संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पण नोंदणीसाठी काम थांबवू नका. तोवर ‘खाली सह्या करणारे घरमालक’ एवढे चालते, फक्त प्रत्येक सहीपुढे मिळकत क्रमांक हवा. नुसत्या सह्यांच्या दहा पानांपेक्षा मिळकत क्रमांकासह ४० सह्या जड असतात.

निवेदनात पहिल्याच परिच्छेदात मागणी लिहा आणि ती मान्य करण्याचा अधिकार महापालिकेला कोणत्या कलमाने आहे ते लिहा. दुसऱ्यात तक्त्यातला सारांश, तिसऱ्यात महसुलावरचा परिणाम. हा तिसरा परिच्छेद जवळजवळ सगळे विसरतात, आणि फाईल बहुधा तिथेच अडते. सूट मागितली की लेखा विभाग ‘एवढी तूट कोठून भरायची?’ असा शेरा मारतो. त्याचे उत्तर तुम्हीच द्या : माहिती अधिकारातून आलेली मिळकतींची संख्या, गुणिले प्रतिमिळकत फरक. बदल्यात काय देता तेही सांगा. उदाहरणार्थ, सवलत मिळणाऱ्या मिळकतींची सगळी थकबाकी ठरलेल्या तारखेआधी भरली जाईल आणि सवलत फक्त १९८७ पूर्वीच्या, पावतीने सिद्ध होणाऱ्या भाडेकरारांनाच लागू राहील.

मागणीची भाषा अशी असावी :

“ज्या मिळकतींतील भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आहे आणि ज्यांचे भाडे कलम ११ च्या मर्यादेत आहे, अशा मिळकतींच्या भाडेकरू-वापर भागास आगामी आर्थिक वर्षापासून मालक-वापराचा दर लागू करावा, यासाठीचा प्रस्ताव करदर निश्चितीच्या विषयासोबत सादर करावा, ही विनंती.”

यात कोणावर राग नाही, आणि टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाला हे वाक्य जसेच्या तसे उचलता येते. त्याचे काम तुम्ही जितके सोपे कराल तितकी फाईल लवकर वर जाईल. पाणीपट्टीची थकबाकी भाडेकरूच्या स्वतंत्र जोडणीवर ठेवणे, नकाशा मंजुरीची मुदत, हे विषय वेगळ्या निवेदनात आणि त्या त्या विभागाच्या नावाने द्या. पाच मागण्यांचे एक निवेदन पाच विभागांत फिरते आणि कोणाच्याच टेबलावर स्थिरावत नाही.

निवेदन आवक-जावकमध्ये द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आयुक्तांच्या नावाच्या निवेदनाची प्रत त्याच दिवशी घरफाळा विभागालाही द्या, नाहीतर ते खाली उतरायलाच पंधरा दिवस जातात. साहेबांच्या हातात थेट दिलेले आणि फोटो काढलेले निवेदन पेपरात दिसते, पण आवक क्रमांक नसेल तर महिन्याभराने ते शोधायचे कुठे, हे कोणालाच सांगता येत नाही.

वर्षाचा मेळ

करांचे दर महानगरपालिका पुढच्या वर्षासाठी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवते, महापालिका अधिनियमाचे कलम ९९ तसे सांगते. त्यानंतर कितीही मोठा मोर्चा नेला तरी चालू वर्षाचा दर बदलत नाही. अनेक वर्षांची मेहनत केवळ तारखेमुळे वाया जाते. बिले एप्रिल-मेमध्ये हातात पडतात, संताप तेव्हा होतो, आणि तेव्हा काहीच करता येत नसते.

म्हणून मे-जूनमध्ये तक्ता भरायला घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये महापालिकेत जाऊन बसू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली, की अभियंते, विभागीय कार्यालये, सगळी यंत्रणा पुराच्या कामाला लागते, आणि लागायलाच हवी. या काळात माहिती अधिकाराचे अर्ज टाका, त्यांची मुदत चालत राहते. सप्टेंबरमध्ये घरफाळा विभागाच्या प्रमुखांशी पहिली बैठक, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आयुक्तांकडे निवेदन, डिसेंबर-जानेवारीत नगरसेवक आणि स्थायी समिती.

सभागृह असते तेव्हा वाट अशी : प्रशासनाचा प्रस्ताव, मग १६ सदस्यांची स्थायी समिती, मग महासभा. प्रस्ताव प्रशासनाकडून येत नसेल तर नगरसेवकाकडून सदस्य ठराव मांडता येतो, त्याला सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि विषयपत्रिका निघण्याआधी तो नगरसचिवांकडे पोहोचावा लागतो. आर्थिक विषयावर प्रशासनाचा अभिप्राय नसेल तर ठराव मंजूर होऊनही कागदावर राहतो, म्हणून घरफाळा विभागाला वळसा घालून थेट सभागृहात जाण्याचा मोह टाळा. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर शहराने प्रशासकीय राजवटीचा मोठा काळ पाहिला. अशा काळात स्थायी समिती आणि महासभा दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे असतात. वाट लहान होते, पण तिथे लोकप्रतिनिधीचा दबाव चालत नाही, फक्त टिपणी चालते.

बैठकीत

चार माणसे जावीत. एक बोलणारा, एक तक्ता दाखवणारा, एक टिपून घेणारा आणि एक वयस्क मालक किंवा मालकीण, जिच्या मिळकतीचा हिशेब तक्त्यात आहे. पंधरा जण गेले की प्रत्येकाला आपल्या भाडेकरूची कहाणी सांगायची असते आणि मागणी मांडायची राहून जाते.

एक मुद्दा हाताशी ठेवावा. महापालिका स्वतः शहरातली मोठी घरमालक आहे. तिच्या मालकीच्या गाळ्यांचे भाडे रेडीरेकनरच्या आधारे ठरवण्यावरून गाळेधारकांशी झालेला वाद सगळ्यांना माहीत आहे. जुन्या भाड्यात मालमत्ता सांभाळणे परवडत नाही, हा युक्तिवाद महापालिकेच्या गाळ्यांनाही तितकाच लागू होतो. त्याची शांतपणे, टोमणा न मारता आठवण करून द्यावी. इस्टेट विभागाकडून गाळ्यांच्या भाड्याचा ठराव मागवून जोडला तर अधिक चांगले.

बैठकीनंतर त्याच दिवशी ‘आजच्या चर्चेत पुढील मुद्दे ठरले’ असे अर्ध्या पानाचे पत्र आवकला द्या. महापालिकेने इतिवृत्त काढले नाही तरी तुमचे पत्र फाईलला लागते.

पैसे किंवा भेटवस्तू कोणालाही, कोणत्याही नावाने देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणे हाच बचाव.

धोकादायक इमारतीचा विषय जपून हाताळा

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत शाहूपुरी, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर, सुतारवाडा या भागांतल्या घरांच्या भिंतींत दिवसेंदिवस पाणी राहिले. पांढऱ्या मातीच्या आणि दगडी बांधकामाच्या जुन्या वाड्यांना हे पाणी आतून पोखरते. असा वाडा कोसळला तर पहिला गुन्हा मालकावर येतो, मग भाडे ४०० असो की ४०.

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षांपुढच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालक किंवा भोगवटादाराचे काम आहे. तपासणीचा अहवाल शासनाच्या वर्गवारीत बसतो : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे राहते ठेवून दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटीस कलम २६४ खाली निघते, रिकामी करण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये आहे.

इथे काही मालक मोठी चूक करतात. भाडेकरूला घालवण्यासाठी धावपळ करून सी-१ चा अहवाल मिळवतात. भाडेकरू दुसऱ्या अभियंत्याचा सी-२ब चा अहवाल आणतो, प्रकरण न्यायालयात जाते, मनाई हुकूम होतो आणि खरोखर खचलेली भिंत तशीच उभी राहते. शिवाय इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा संघटनेने ही वाट कोणाला दाखवू नये, आणि कोणी ती धरली तर त्याच्या पाठीशी उभे राहू नये.

महापालिकेकडे मागायचे ते असे : सी-१ इमारत रिकामी करताना प्रत्येक भाडेकरूच्या जागेचे मोजमाप करून क्षेत्राचा दाखला त्याच आठवड्यात द्यावा. या एका कागदाने भाडेकरूची भीती कमी होते आणि तो बाहेर पडायला तयार होतो. दुसरी मागणी, राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या तरतुदींसाठी नगररचना विभागात एकच अधिकारी नेमावा. तिसरी अवघड आहे. दाट वस्तीतल्या अरुंद बोळांत आणि लहान प्लॉटवर या तरतुदी बसत नसतील, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवण्याचा ठराव मागा. त्यासाठी वास्तुविशारदाकडून निदान तीन खऱ्या प्लॉटचे आराखडे करून घ्या : नियम लावल्यावर भाडेकरूंना देऊन मालकाला किती चौरस मीटर उरतात ते दाखवणारे.

भाडेकरूंना सोबत घ्या

कोल्हापूर हे कृती समित्यांचे शहर आहे. टोलच्या आंदोलनाने ते सगळ्या राज्याला दाखवून दिले. भाडेकरूंविरुद्ध वाटेल अशी कोणतीही मागणी बिंदू चौकात पोहोचली की दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध समिती उभी राहते, आणि भाडेकरूंची मते मालकांच्या कितीतरी पट असतात. मोठ्या क्षेत्राच्या जागा भाडे नियंत्रणातून वगळण्याचा राज्याचा प्रस्ताव २०१६ च्या सुरुवातीला अशाच विरोधात मागे पडला.

पण घरफाळ्यात सूट आणि क्षेत्राचा दाखला या दोन्ही मागण्या भाडेकरूच्याही फायद्याच्या आहेत. घरफाळा कमी झाला तर कलम १२ ची वाढ त्याच्यावर येत नाही. पंचवीस मालकांच्या निवेदनावर दहा भाडेकरूंच्या सह्या असतील तर नगरसेवकाला त्या मागणीमागे उभे राहणे सोपे जाते. सह्या मागायला जाताना एवढे लेखी द्या, की सवलतीची रक्कम दुरुस्तीला वापरली जाईल.

पाणी तोडणे, जिन्याचा दिवा काढणे, संडासाला कुलूप लावणे हे प्रकार भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली दंडनीय आहेत. असे एक उदाहरण पेपरात आले की वर्षभराचे काम धुऊन जाते. ज्या सदस्याने ते केले असेल त्याचे नाव संघटनेने सह्यांतून काढावे.

राज्याचा दरवाजा

महासभेकडून शिफारशीचा ठराव मिळाला तर तो जोडून राज्याकडे जा. भाडे कायदा गृहनिर्माण विभागाकडे आहे, महापालिका कायदा नगरविकास विभागाकडे. पत्र चुकीच्या विभागात गेले की ते ‘पुढील कार्यवाहीस्तव’ फिरत राहते. कोल्हापूर उत्तर आणि दक्षिण, दोन्ही आमदारांकडे अधिवेशनाच्या किमान महिनाभर आधी तारांकित प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा तयार मसुदा द्या.

निवेदनात सर्वोच्च न्यायालयाचा मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यातला डिसेंबर १९९७ चा निकाल जरूर घ्या. गोठवलेले प्रमाणभूत भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि १९९९ च्या कायद्यामागे तो निकाल आहे. नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायाधीशांचा निकाल मात्र जपून वापरा. तो मुंबईतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या वादातून आला आणि खासगी मालमत्ता सरसकट ‘समाजाची भौतिक साधने’ ठरत नाही एवढे सांगतो. त्याने भाडे नियंत्रण रद्द झालेले नाही. केंद्राचा जून २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदाही जुन्या भाडेकरूंना लागू होत नाही, तो पुढच्या करारांसाठी आहे. तो लागू करा असे मागून जुन्या वाड्याचा प्रश्न सुटणार नाही. त्यापेक्षा दोन नेमक्या दुरुस्त्या मागा : कलम ११ चे ४ टक्के महागाई निर्देशांकाला जोडावेत, आणि संरक्षणातून वगळलेल्या कंपन्यांसाठी असलेली एक कोटी रुपये भरणा भांडवलाची मर्यादा खाली आणावी. घर राहण्यासाठी वापरणाऱ्या भाडेकरूला यातल्या दुसऱ्या मागणीने धक्का लागत नाही, म्हणून तिला विरोधही कमी होतो.

नकार आला तर, आणि होकार आला तरी

धोरणात्मक मागणी फेटाळली तर लेखी आणि कारणासह उत्तर मागा. महापालिकेच्या लोकशाही दिनाला तो विषय नेता येतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. एकेका मिळकतीच्या आकारणीचा वाद मात्र वेगळा चालवा. आकारणी यादी प्रसिद्ध झाली की हरकतीला किमान १५ दिवस मिळतात. मिळकतीची नवी किंवा वाढीव आकारणी असेल तर स्वतंत्र नोटीस येते, तिच्यावरही १५ दिवसांत लेखी हरकत द्या. हरकत न देता थेट अपिलात गेले तर ते टिकत नाही. आयुक्तांचा निर्णय झाल्यावर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील, त्याचीही मुदत १५ दिवस, आणि करावरच्या अपिलात मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ही रक्कम हाताशी ठेवूनच लढाईला उतरा. भारांकाचे धोरणच बेकायदेशीर आहे असे वकिलाचे मत पडले, तर रिटसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते.

ठराव मंजूर झाला तरी फाईल बंद करू नका. ठरावाची प्रमाणित प्रत नगरसचिवांकडून घ्या आणि ती संगणक प्रणालीत दर बदलण्यासाठी घरफाळा विभागाकडे गेली का, ते मार्चअखेर तपासा. एप्रिलमध्ये पहिल्या सहामाहीची बिले निघाली की तक्त्यातल्या प्रत्येक मिळकतीचे जुने आणि नवे बिल शेजारी ठेवून पाहा. ज्या बिलावर जुनाच भारांक लागला असेल, त्या मालकाने विभागीय कार्यालयात महापालिका अधिनियमाच्या करनियमांतील नियम २० खाली नोंद दुरुस्तीचा अर्ज त्याच महिन्यात द्यावा आणि सोबत ठरावाची प्रत, प्रॉपर्टी कार्ड व १९८७ पूर्वीची भाडेपावती जोडावी.